अधिवेशनाची माणसं गेल्यावर

सोलापूर,
८ सप्टेंबर २०२४

प्रिय दीनामावशीस,
सलाम.

आज चर्चमधली रविवारची भक्ती सुटल्यावर घरी येऊन आधी तुला लिहायला बसले. बातमी मोठी आहे. आपल्या मेनोनाइट मंडळ्यांचं तरुणांचं अधिवेशन यंदा दिवाळीच्या सुट्टीत सोलापुरात भरणार! तेलंगणातून, छत्तीसगडातून, कर्नाटकातून पोरं येणार. महिन्यातून एकदा येणारे पास्टर आज आले होते, त्यांनी हे सांगितलं तेव्हा फुलाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आवो पर, हितं तरुण कोण हाय?"

सगळी मंडळी वळून माझ्याकडं बघायला लागली. मला हसू आलं आणि लगेच कसंतरी झालं. खरंच की गं, मी एकटीच आहे. बरोबरीची सगळी पुण्याला गेली, कुणी हैदराबादला. मी पुढच्या बाकावर बसले तर पाठीमागून नुसता खोकला ऐकू येतो, मागं बसले तर पुढं सगळी पांढरी डोकी.

कारखान्यात मी टॉवेलच्या कडा शिवते ना, तिथं शेजारच्या मशीनवरच्या धनलक्ष्मीनं विचारलं, "तुमचं मेनोनाइट म्हणजे नेमकं काय गं?" मी सांगितलं, आमच्यात कुणावर हात उचलायचा नाही, वैऱ्यावरसुद्धा माया करायची. आणि बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, ज्याला कळतं त्यानं मोठं झाल्यावर स्वतः मागायचा. ती म्हणाली, "मग तू मागितलास?" मी दोरा ओवायला घेतला.

पप्पा मला त्याबद्दल कधी विचारत नाहीत. ते पडले मंडळीचे वडील, दर रविवारची भक्ती चालवणारे; त्यांनी विचारलं तर ती जबरदस्ती होईल असं त्यांना वाटतं. पण दर रविवारी शेवटच्या प्रार्थनेनंतर ते थोडं थांबतात. मला वाटतं, ते माझ्यासाठीच थांबतात.

मावशी, तू अधिवेशनाला ये ना. इतकी पोरं येणार, कुणाला ताप येईल, कुणाचं पोट बिघडेल. रेल्वेच्या दवाखान्यात तू एवढी वर्षं सिस्टर होतीस. आई गेली त्या दिवशी तू दफनभूमीच्या फाटकाशी उभी होतीस, आत आली नाहीस. गर्दी होती म्हणून असेल. गुरुशांतकाका गेल्यावर मी तुला पहिलं पत्र टाकलं, तेव्हापासून आपण लिहितोय, पण तू घरी एकदाही आलेली नाहीस. ये की.

तुझी,
अनुग्रहा

*

कुर्डुवाडी,
१९ सप्टेंबर २०२४

चि. अनुस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अधिवेशन भरतंय, चांगलं आहे. माझं येणं होणार नाही. गुडघे धरलेत. शिवाय मला घोळक्यात काही ऐकू येत नाही. एक माणूस समोर बसून सावकाश बोलला तर ओठांवरून कळतं, पण दहा जण बोलायला लागले की मी नुसती मान हलवत बसते. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, ते फळीवर ठेवून दिलंय. म्हणून तर फोनऐवजी ही पत्रं.

पाणी उकळून गार करून ठेव. मीठ-साखरेचं पाणी करून ठेवायचं, ज्याला जुलाब होतील त्याला घोट घोट देत राहायचं. स्वयंपाक करणाऱ्या बायांची नखं बघून घे. तापाच्या गोळ्या कुणालाही उपाशीपोटी देऊ नकोस.

बाप्तिस्मा मागायचा तर तुझ्या मनानं माग, नाही तर मागू नकोस. बापाच्या थांबण्याकडं बघू नकोस.

मला पुन्हा बोलावू नकोस. राग मानू नकोस.

मावशी

*

सोलापूर,
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशीस,
सलाम.

तू बोलावू नकोस म्हणालीस, म्हणून बोलावत नाही. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही.

काल आम्ही बायका अधिवेशनासाठी कडक भाकऱ्या करून ठेवत होतो. मी सहज म्हणाले, मावशी असती तर औषधपाण्याची काळजी नसती. फुलाबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "ती कशी येईल पोरी? तिला मंडळीतनं काढली न्हाय का? तुला म्हायीतच न्हाय व्हय?"

मी म्हणाले, "कुणी काढलं?"

"कुणी म्हंजी? मंडळीनं. तिनं भाईरच्याशी लगीन केलं. तुज्या बापानंच उभं ऱ्हाऊन सांगितलं, आजपासनं दीना आपली न्हाय. लई रडलो आमी समदी. पर बोललं कोण न्हाय."

मावशी, तू सभेला येत नाहीस ते ऐकू येत नाही म्हणून, असं मला आजवर वाटत होतं. घरी तुझं नाव निघालं की पप्पा उठून जायचे, ते मला आईच्या आठवणीमुळं वाटायचं. हे खरं आहे का? काकांसाठी तुला काढलं?

पप्पांना विचारायचं धाडस होत नाही. ते मांडववाल्याच्या मागं आहेत, आनंदात आहेत. इतके आनंदात मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलेलं नाही.

अनु

*

कुर्डुवाडी,
२ नोव्हेंबर २०२४

चि. अनुस,
आशीर्वाद.

खरं आहे. तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. फुलाबाई रडल्या हे मला ठाऊक नव्हतं.

गुरुशांत मालगाडीवर गार्ड होते, घर अक्कलकोटकडचं. हाताला जखम घेऊन दवाखान्यात आले, टाके मी घातले. टाके काढून झाल्यावरही येत राहिले. मी पस्तिशीची होते तेव्हा, माझं लग्न व्हायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आम्ही नोंदणी करून लग्न केलं. त्यांनी मला त्यांचं इष्टलिंग पूजायला सांगितलं नाही, मी त्यांना प्रार्थनेला बसवलं नाही. त्यांच्या आईनं, मल्लव्वानं, त्यांना उंबरा बंद केला आणि मंडळीनं मला. आम्ही म्हणायचो, चला, पाहुण्यांची कटकट मिटली. म्हणायचो आणि हसायचो.

अण्णाराव, तुझा बाप, त्या वर्षीच मंडळीचा वडील झाला होता, सगळ्या वडिलांत तरुण. कडू काम तरुणाच्या गळ्यात घालतात. तुझी आई त्याच्या शेजारी बसली होती. माझी धाकटी बहीण. तिनं मान वर केली नाही. पुढं ती वर्षातून एखाद्या वेळी चोरून यायची, तासभर बसायची, डोळे पुसायची आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठायची.

करोनाच्या वर्षी हे गेले तेव्हा दवाखान्याची माणसं होती आणि मी होते. त्यांच्याकडचं कुणी नाही, आपल्याकडचं कुणी नाही. मग तुझं पत्र आलं.

हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. आता याचा विचार करत बसू नकोस. पोरांची पोटं सांभाळ.

मावशी

*

सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशीस,
सलाम.

अधिवेशन झालं. तुला सगळं नीट सांगते, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

गुरुवारी सकाळपासून पोरं उतरायला लागली. शाळेचं पटांगण आपण मागून घेतलं होतं, वर्गातली बाकं काढून सतरंज्या टाकल्या होत्या. पाठीला पिशव्या, हातात गिटारी. एकाच वेळी तेलुगू, हिंदी, कन्नड. कडक भाकरी कशी मोडायची ते मी इतक्या जणांना शिकवलं की बोटं दुखली. गाणं सुरू झालं की एकच चाल आणि चार भाषांतले शब्द. मी इतक्या तरुण गळ्यांच्या मधोमध कधी उभीच राहिले नव्हते. मला वाटलं, आता मला काहीतरी होणार. ज्याची पप्पा वाट बघतात ते.

माझ्या शेजारच्या सतरंजीवर धमतरीची बिन्नी होती. नर्सिंगला आहे, सारखी हसते. शुक्रवारी संध्याकाळी उपदेश समेटावर होता: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मग पाळक म्हणाले, ज्यांना आपलं जीवन द्यायचं आहे त्यांनी पुढं या. एक उठला, दोन उठले, मग ओळीच्या ओळी. बिन्नी रडत उठली. तिचं ते रडणं खोटं नव्हतं मावशी, तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. मी डोळे मिटले. उघडले. माझ्या आत काही नव्हतं, नुसतं पंख्याचं घरघरणं ऐकू येत होतं. बघते तर माझ्याभोवती रिकाम्या सतरंज्या, त्यांवर सोडलेल्या ओढण्या, पाण्याच्या बाटल्या, आणि मी. व्यासपीठावर पप्पा होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

नंतर मी बिन्नीला विचारलं, तुला नेमकं काय झालं गं? तिच्या हिंदीत ती म्हणाली, "लहानपणी खेळता खेळता अंधार पडायचा आणि आई दारातून हाक मारायची ना, तसं. कुणीतरी माझं नाव घेतलं." मी विचारलं, "आणि ज्याला हाक ऐकू येत नाही त्यानं काय करायचं?" ती सतरंजीचे दोरे ओढत राहिली. तिनं खोटं उत्तर दिलं नाही, त्याचं मला बरं वाटलं.

शनिवारी साक्षी होत्या, ज्यानं त्यानं उभं राहून आपला अनुभव सांगायचा. एका मुलीनं परीक्षेत नापास झाल्यावर विहिरीच्या काठावरून परत आल्याचं सांगितलं. मग कलबुर्गीकडचा शिवू म्हणून एक उभा राहिला, काळासावळा, हात मागं बांधून. त्याच्या शेतातली पाण्याची पाइप शेजाऱ्यानं कुऱ्हाडीनं फोडली होती. घरचे काठ्या घेऊन निघाले. हा मधे आडवा पडला. आणि दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याची मोटर जळली तेव्हा यानं स्वतःचं पाणी त्याच्या मिरचीला सोडलं. म्हणाला, "पाणी सोडताना मला देव दिसला नाही. राग येत होता. तरी सोडलं. दुसऱ्या दिवशी जेवण गोड लागलं. माझी साक्ष एवढीच."

मावशी, त्याचं बोलणं संपलं आणि मी उभी होते. कधी उठले मला कळलं नाही.

मी म्हणाले, "मी अनुग्रहा. मी इथलीच. काल तुम्ही सगळे पुढं गेलात, मी गेले नाही. माझी एक मावशी आहे कुर्डुवाडीला. तिनं ज्याच्यावर जीव होता त्याच्याशी लग्न केलं म्हणून आमच्या मंडळीनं तिला बाहेर काढलं. तो माणूस गेला तेव्हाही तिच्याकडं कुणी गेलं नाही. तिच्याशी समेट झाल्याशिवाय मी बाप्तिस्मा मागणार नाही."

शब्द संपल्यावर बसले. तेलुगूत भाषांतर करणारे भाऊ मधेच थांबले होते, पप्पांकडं पाहून असेल. त्यामुळं अर्ध्या पोरांना मी काय बोलले ते कळलंच नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गीत सुरू झालं. बिन्नीनं माझा हात धरून ठेवला.

रविवारी सगळी गेली. बसच्या खिडकीतून हात हलले, वळणावर तेही दिसेनासे झाले. मी आणि फुलाबाईंनी वर्ग झाडले. एक गुलाबी कंगवा, मोजे, कुणाची तरी अर्धी बिस्किटं. आणि काल परत आपली भक्ती, परत तीच पांढरी डोकी. पप्पा माझ्याशी आठवडाभर बोललेले नाहीत. रागावलेले वाटत नाहीत, ते तर जास्तच वाईट.

मी चुकले का?

अनु

*

कुर्डुवाडी,
२५ नोव्हेंबर २०२४

अनु,

मी तुला विश्वासानं सांगितलं ते तुझ्यापुरतं. मांडवात ओरडून सांगायला नव्हे.

मी कुणाकडं तक्रार घेऊन गेले होते का? इतकी वर्षं मी मान ताठ ठेवून राहिले. दुकानात, दवाखान्यात, चाळीत, कुणाला माझी कीव करू दिली नाही. तू एका दुपारी परक्या पोरांपुढं मला बिचारी करून टाकलंस. आणि अण्णारावला त्याच्याच मांडवात खाली मान घालायला लावलीस. मला त्याचा राग आहे, पण तो माझा आहे. तुला उसना दिलेला नाही.

माझ्या नावावर देवाशी अडून बसू नकोस. तुला मागायचं नसेल तर तसं म्हण. मला पुढं करू नकोस.

काही दिवस पत्र टाकू नकोस.

दीना

*

सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मावशीस,
सलाम.

तू काही दिवस म्हणालीस. किती ते मला कळेना, म्हणून नाताळ जाऊ दिला, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राही संपत आली. आता लिहिते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझं बरोबर होतं. मी तुला न विचारता तुझं दुःख उचललं. पण मी ते पुढं करून मागं लपले नाही, हे तेवढं मान. मी खरंच तिथं अडकले आहे.

अधिवेशनाचा फोनवर गट केला होता. पहिले काही दिवस नुसता पूर आला होता, साक्षी, गाणी, फोटो. आता सकाळी कुणीतरी फुलांचं चित्र टाकतं, बस. बिन्नी अधूनमधून लिहायची, तिला आता वॉर्डात ड्यूटी लागली. एकदा तिनं लिहिलं, ते वाटणं आता तिलाही रोज येत नाही. ते वाचून मला दिलासा मिळायला हवा होता, उलट मला रडू आलं. निदान तिच्याकडं तरी ते राहावं असं वाटत होतं.

पप्पा बोलतात आता, मीठ दे, कुलूप लावलंस का, इतपत. पूर्वी जेवणाआधी मोठ्यानं प्रार्थना करायचे, गल्लीतल्या पोरांना पाठ झाली होती. आता नुसते ओठ हलतात. मी समोर बसून बघते. ते काय म्हणतात ते तुला कळलं असतं, ओठांवरून. मला नाही कळत.

मी रोज कारखान्यातून आल्यावर गच्चीवर जाऊन बसते आणि प्रार्थना करते. करते म्हणजे बसते. समोरून यंत्रमागांचा खडखडाट. माझ्या बोलण्याला कुणी हूं म्हणत नाही. तरी बसते. घरात तर कोण आहे बोलायला.

तुझे गुडघे कसे आहेत?

अनु

*

कुर्डुवाडी,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. अनुस,
आशीर्वाद.

तुझं पत्र उशाशी ठेवलं होतं. उत्तर लिहायला घ्यायची आणि ठेवून द्यायची. गुडघे आहेत तसेच.

आज एका कामासाठी लिहिते. शेजारची कस्तुराबाई लेकीच्या बाळंतपणाला नातेपुत्याला गेली होती, ती काल आली. चहाला बसली आणि म्हणाली, "त्या दिवशीचं पाव्हणं कोण वो? मी एसटीला निघाले तवा पायरीवर बसलं हुतं. मी इचारलं कोण, तर म्हनलं सोलापूरचा अण्णाराव. मला वाटलं तुमीच भाईर बसवलंय."

मी तिला दोनदा बोलायला लावलं. ओठ नीट बघितले. अण्णारावच म्हणाली.

अनु, माझ्या पायरीवर त्या दिवशी कुणी आलं असं मला ठाऊक नाही. मी मागच्या बाजूला भांडी घासत असेन. पुढचं दार वाजलेलं मला कळत नाही. जे येतात ते खिडकीतून हात हलवतात, सगळ्या चाळीला ते माहीत आहे.

तो खरंच आला होता का? विचार त्याला. मी विचारलंय म्हणून सांगू नकोस. नाही, सांग.

मावशी

*

सोलापूर,
२ मार्च २०२५

प्रिय मावशीस,
सलाम.

विचारलं. ते आले होते.

मला त्यांनी त्या दिवशी मोहोळला एकाकडं प्रार्थनेला जातो म्हणून सांगितलं होतं. परत आले तेव्हा मी विचारलं, कशी झाली प्रार्थना? म्हणाले, झाली. जेवले नाहीत. मला वाटलं, ऊन लागलं.

आज भक्तीनंतर मी सरळ म्हणाले, "पप्पा, तुम्ही कुर्डुवाडीला गेला होता?"

ते गीतांची पुस्तकं कपाटात लावत होते. हातातली लावून झाल्यावर म्हणाले, "गेलो होतो. आत भांड्यांचा आवाज येत होता. दीनाक्का म्हणून हाक मारली. दार वाजवलं. परत हाक मारली. आवाज बंद झाला नाही. बसलो थोडा वेळ पायरीवर. तिनं दार उघडलं नाही." मग म्हणाले, "बरोबर केलं तिनं. मी तरी उघडलं असतं का?"

मी म्हणाले, "पप्पा, तिला ऐकू येत नाही."

ते माझ्याकडं बघतच राहिले. आपण पत्रं का लिहितो हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं गं. तुझं नाव घरात काढायचीच सोय नव्हती. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हणाले, मला माहीत आहे तेव्हापासून. ते खाली बाकावर बसले. म्हणाले, "आणि काढलं तेव्हा? तेव्हा ऐकू येत होतं?"

मी म्हणाले, "तेव्हा येत होतं."

घरी येताना म्हणाले, आता पुन्हा त्या पायरीवर जायला पाय उचलत नाहीत. एकदा कसेबसे उचलले होते.

मी त्यांना समजावलं नाही आणि तुलाही समजावत नाही. मागच्या वेळी मधे पडले ते पुरे. जसं झालं तसं लिहिलं.

अनु

*

कुर्डुवाडी,
८ मार्च २०२५

चि. अनुस,

अण्णारावला सांग, मी दार बंद केलं नव्हतं. ते उघडंच होतं, नुसतं लोटलेलं. ढकललं असतं तर उघडलं असतं.

सोळा तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. मंडळीत परत घ्या म्हणायला येत नाही. त्याला एवढंच सांगायला येते, ते पत्रात सांगून त्याला पटायचं नाही. आलेच आहे तर भक्तीला बसेन. स्टेशनवर तूच ये. जिना हळू चढते.

मावशी

*

सोलापूर,
१७ मार्च २०२५

प्रिय मावशीस,
सलाम.

काल तू गाडीत बसलीस, मी घरी आले, पप्पा झोपले होते. तुझ्या ताटाखालचा पाट अजून भिंतीला लावून ठेवलाय, उचलावासा वाटेना. आज कारखान्यातून येऊन लगेच लिहायला बसले, कारण काल तुझ्यासमोर जे झालं त्यातलं बरंचसं तुला कळलेलं नाही. मी शेजारी बसून सांगायला हवं होतं, पण मी नुसती बघत राहिले.

दारात पप्पा उभे होते ते तू पाहिलंस. ते "या दीनाक्का" म्हणाले तेही तुला कळलं. त्यावर तू जे म्हणालीस, "अण्णाराव, केस गेले की रे सगळे!" ते मात्र तुला वाटलं तेवढं हळू नव्हतं. पार रस्त्यापर्यंत गेलं. आत फुलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पप्पाही हसले. मी त्यांना हसताना पाहिलं, अधिवेशनानंतर पहिल्यांदा.

मग वचन वाचून झाल्यावर पप्पा उभे राहिले. तू तेव्हा पुस्तकाची पानं उलटत होतीस. ते म्हणाले, "दीनाक्का आज आल्या आहेत. त्यांना आपण बाहेर काढलं तेव्हा ते मी बोललो होतो. मी आणि तुम्ही मिळून काढलं, पण तोंड माझं होतं. गुरुशांतराव गेले तेव्हा जायला हवं होतं, गेलो नाही. ते सगळं मी माझ्या तोंडानं परत घेतो. त्या आपल्याला परत घेतात का, ते त्यांच्या हातात." ते तुझ्याकडं बघून बोलत होते, पण तुझी मान खाली होती. सगळे तुझ्याकडं बघायला लागले. आणि तू मान वर करून म्हणालीस, "कितवं गीत?"

मी तुझ्या खांद्याला हात लावून तुला सांगणार होते, पण पप्पांनी मला हातानं थांबवलं, आणि बोटांनी तुला गीताचा आकडा दाखवला.

बाप्तिस्म्याचं तू गाडीत बसताना विचारलंस, मी नुसती मान हलवली. पास्टर पुढच्या महिन्यात येतील तेव्हा मी मागणार आहे. बिन्नीला झालं तसं मला अजून काही झालेलं नाही. गच्चीवर अजूनही तसंच आहे. होईल की नाही माहीत नाही. पण काल जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तेवढ्यावर मला उभं राहता येईल असं वाटतं. तू मला अडून बसू नकोस म्हणाली होतीस. बसलेली नाही. त्या दिवशी तू नाही आलीस तरी मी मागेन. आलीस तर मात्र घरी चार दिवस राहा. तू गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं.

आता गाण्याचं. ते तुला कुणीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते. आम्ही सुरू केलं तेव्हा तू आमच्या ओठांकडं बघत होतीस, आणि आमची पहिली ओळ संपल्यावर तुझी पहिली ओळ सुरू झाली. पुढं सगळं गीतभर तू एक ओळ मागं होतीस. सूरही तुझा तुझाच होता, आणि आवाज एवढा मोठा की पेटीवाल्या भाऊंची बोटं दोनदा चुकली. आम्ही दुसऱ्या ओळीवर, तू पहिल्या. आम्ही शेवटच्या ओळीवर आलो, ती संपवली, पेटी थांबली. तू डोळे मिटून घेतले होतेस, त्यामुळं आम्ही थांबल्याचं तुला कळलं नाही. तू ती शेवटची ओळ एकटीनं म्हणायला सुरुवात केलीस.

मावशी, कुणी बसलं नाही. कुणी पुस्तक मिटलं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. पप्पांनी प्रार्थनेसाठी हात उचलले होते, ते त्यांनी तसेच धरून ठेवले आणि तुझी ओळ संपेपर्यंत आम्ही सगळे उभे होतो.

तुझी,
अनु